बोट आपले, निवड कोणाची?



मोबाईलचा विषय निघाला की आपण मुलांना बोल लावतो. बोलताना मोबाईल आपल्याही हातात असतोच. परदेशी राहणाऱ्या मुलीचा चेहरा रोज पाहता येतो, विजेचे बिल घरबसल्या भरता येते. या सोयींचे मोल आपण नाकारीत नाही. प्रश्न वेगळा आहे. पाच मिनिटांसाठी हातात घेतलेला मोबाईल आपण तासाभराने खाली ठेवला, तर तो तास कोणी खर्च केला?

कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: बोट तुमचे, इच्छाही तुमची, आमची कोणावर सक्ती नाही. हे उत्तर पटण्यासारखे आहे. पण त्यांचा व्यवहार काय सांगतो, तेही पाहू या.

आयफोनमधल्या सफारीत शोधयंत्र म्हणून आधीपासून गुगलच लावलेले असावे, यासाठी गुगलने ॲपलला जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा देऊ केला. २०२२ या एका वर्षात ही रक्कम सुमारे २० अब्ज डॉलर होती. अमेरिकन सरकारने गुगलविरुद्ध चालवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात ती उघड झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने आपली मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवल्याचा निर्णय दिला. शोधयंत्र बदलणे हे मिनिटभराचे काम आहे आणि त्याला कोणाची मनाईही नव्हती. तरी एवढा पैसा मोजला गेला, कारण जे आयते पुढ्यात येते तेच बहुतेक माणसे घेतात, हे कंपनीला पक्के ठाऊक होते. म्हणजे ‘निवड तुमची’ असे सांगणारेच, आपण निवड करणार नाही यावर पैसा लावतात!

वेळेच्या बाबतीतही हेच घडते. पुस्तकाला शेवटचे पान असते, वर्तमानपत्र वाचून संपते. २००६ साली अझा रास्किन या रचनाकाराने पडद्यावरचा मजकूर खाली सरकवत गेले तरी संपणारच नाही, अशी सोय तयार केली. पुढे त्याबद्दल त्यांनीच जाहीर खंत व्यक्त केली. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. आपल्याकडे इंटरनेट पूर्वी मोजूनमापून वापरावे लागे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. गरिबाच्या घरी इंटरनेट पोहोचले, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर हात आखडणारे एक कारणही गेले. वाटेवरचे थांबे असे एकेक करून उठले. थांबे नसले की प्रवास लांबतो आणि जितका तो लांबतो तितक्या जाहिराती अधिक दिसतात. सेवा फुकट दिसते ती यामुळे.

मग दोष सगळा कंपन्यांचा का? ॲरिस्टॉटलने पिटॅकसच्या एका जुन्या कायद्याचा दाखला दिला आहे. दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला त्या कायद्याने दुप्पट शिक्षा होती. नशा चढल्यावर माणसाचा स्वतःवर ताबा नसतो हे खरे, पण ती चढू न देणे त्याच्या हाती होते. आम्हाला वाटते, हा विचार इथेही लागू पडतो. तासाभरानंतर आपले बोट आपले राहत नाही. तासाआधी मात्र ते आपलेच होते. तरीही न विचारता पेला भरत राहणारा गुत्तेवाला त्यामुळे निर्दोष ठरत नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा कायदा केला, तेव्हा दंड मुलांना किंवा आईवडिलांना नव्हे, तर कंपन्यांना ठेवला. हा कायदा कितपत यशस्वी होतो ते पुढे दिसेल. पण जबाबदारीची वाटणी त्यात योग्य झाली आहे.

आपल्या वाट्याची जबाबदारी म्हणजे दर क्षणी मनाशी झगडत बसणे नव्हे. त्या झगड्यात आपण बहुधा हरतो. पूर आल्यावर कोणी बांध घालत नाही. तो पावसाआधी घालायचा असतो. आयते पुढ्यात येते तेच माणूस घेतो, तर आपल्या घरात आयते पुढ्यात काय यावे, ते आपण ठरवू या. चार्जर निजायच्या खोलीतून बाहेर न्यावा. व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. नको त्या सूचनांचा आवाज बंद करावा. जेवणाच्या वेळी थोरामोठ्यांसह सर्वांचे मोबाईल एका जागी ठेवावेत. नियम फक्त मुलांना लावला तर तो टिकणार नाही.

ही कामे अर्ध्या तासात उरकतात. पण त्या अर्ध्या तासात आपण खरोखर निवड केलेली असते. आपले स्वातंत्र्य वापरण्याची योग्य वेळ तीच आहे.