उपयोग न उमगलेले हत्यार

जुने घर पाडावयास काढले की माळ्यावरून एखादे अनोळखी हत्यार खाली येते. मूठ हाताळून गुळगुळीत झालेली, पाते गंजलेले. ‘हे कशासाठी असेल?’ असे आपण एकमेकांस विचारतो आणि सांगणारे कोणी नसले की ते भंगारात टाकतो. आपणांस उपयोग ठाऊक नाही, एवढ्यावरून वस्तू निरुपयोगी ठरवावी काय? हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस दोर्दोन्य नावाचा प्रदेश आहे. तेथे दोन प्राचीन वसतिस्थानांच्या उत्खननात, जनावरांच्या असंख्य मोडक्या हाडांत, फासळ्यांचे चार लहान तुकडे मिळाले. त्यांची टोके गोलसर व घोटीव होती. दुसऱ्या कोणी ते शिकारीनंतरची उष्टी हाडे म्हणून बाजूस सारले असते. संशोधकांनी मात्र त्यांवरील झीज सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळली, तशी हत्यारे करून कातड्यावर चालवून पाहिली आणि आजच्या चर्मकारांच्या अवजारांशी ती ताडून पाहिली. तेव्हा उलगडा झाला. फासळीचे लवचीक टोक कातड्यावर दाबून फिरविले की कातडे नरम व तुकतुकीत होते आणि पाण्यास सहजी दाद देत नाही. चामड्याचे कारागीर आजही अशाच आकाराचे हत्यार वापरतात.

हा शोध २०१३ साली प्रसिद्ध झाला. हत्यारे सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीची आणि नीअँडरथल मानवांनी घडविलेली होती. जर्मनीत १८५६ साली या मानवाची हाडे सापडली, तेव्हापासून दीर्घकाळ त्याचे चित्र रानटी, मंदबुद्धी असेच रंगविले गेले. हाड घडवून खास कामाचे हत्यार करणे त्यास कोठून जमणार, असा समज होता. पुढे २०२० साली, ही हत्यारे ज्या प्लास्टिकच्या डब्यांत ठेवली होती त्या डब्यांना चिकटलेल्या सूक्ष्म कणांवरून हाडांची परीक्षा झाली. हत्यारांची हाडे गवा-बैलांच्या कुळातील निघाली. रेनडिअरच्या फासळ्या भोवती विपुल असतानाही त्या कारागिराने अधिक रुंद व भक्कम फासळी पारखून घेतली होती!

म्हणजे उणीव हाडात नव्हती, तशी ते घडविणाऱ्यातही नव्हती. ती पाहणाऱ्याच्या नजरेत होती. वस्तूविषयीच्या आपल्या अज्ञानास आपण वस्तूचा दोष मानतो, आणि तोच न्याय माणसांनाही लावतो. घरातील वृद्धांकडे पाहतानाही हेच घडते. त्यांचे कसब आजच्या बाजारात चालत नाही, म्हणून त्यांस कोपऱ्यातील खाट नेमून दिली जाते.

प्रत्येक जुनी वस्तू जपून ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. घरे लहान आहेत, माळे उरले नाहीत. तथापि टाकण्यापूर्वी विचारावे, एवढी नम्रता आपण बाळगू शकतो. ते हाड पन्नास हजार वर्षे मातीत थांबून राहिले. हत्यार हाती घेताच ज्यांची बोटे आपोआप मुठीवर बरोबर बसतात, ती माणसे तितकी थांबणार नाहीत. माळ्यावरून काही खाली आले, तर भंगारवाल्यास हाक मारण्याआधी ते आजोबांच्या हाती द्यावे आणि घटकाभर त्यांच्यापाशी बसावे.