धीराची मुदत

पोटगीसाठी न्यायालयाची पायरी चढणाऱ्या बाईला धीर धरायला सांगणारे पुष्कळ भेटतात. माहेरी भाऊ सांगतो, "जरा दमानं घे." सासरकडून आलेले मध्यस्थ सांगतात, सप्ताहात कीर्तनकार सांगतात, ठाण्यातला हवालदार सांगतो. शेवटी मीही सांगते, कारण मी तिची वकील आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वकिली करते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बाया ऊसतोडीच्या घरातल्या असतात. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवऱ्याच्या नावचं समन्स "गावी मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत येतं आणि रोजनाम्यात पुढची तारीख पडते. पुकारा होऊन गेल्यावर व्हरांड्यात ती मला म्हणते, "ताई, धीर तर धरते की मी. पण कुठवर?"

हे 'कुठवर' ऐकल्यावर मी कायद्याचं पुस्तक उघडते, पण प्रश्न तिथे संपत नाही. तो धर्माचा प्रश्न आहे. तितिक्षा, क्षमा, सबुरी यांचं आपल्याकडे अपार कौतुक झालं आहे आणि ते योग्यच आहे. कुठवर, हे मात्र कौतुक करणारे क्वचितच सांगतात.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सहन कर म्हणतो, तेव्हा थंडी आणि ऊन, सुख आणि दुःख यांची नावं घेतो. ही येतात आणि जातात, टिकत नाहीत. परंपरेने शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'विवेकचूडामणी'त तितिक्षेची व्याख्या आणखी कडक आहे: सगळी दुःखं सोसायची, त्यांचा प्रतिकार करायचा नाही, चिंता करायची नाही, विलापही नाही. ही व्याख्या खरी होताना मी पाहिली आहे. आईला शेवटची वर्षं कंपवात होता. हात थरथरायचा, भाताचा घास ताटाबाहेर सांडायचा. ती तो बोटांनी गोळा करायची आणि पुन्हा उचलायची. औषधं चालू होती, पण दुखणं पुढेच सरकत होतं. तिने कुणाला बोल लावला नाही, देवालाही नाही. ज्या दुःखाला प्रतिवादी नसतो, तिथे तितिक्षेपुढे मी हात जोडते.

पण आमच्या अर्जात प्रतिवादी असतो. त्याला नाव असतं, गाव असतं, कमाई असते. थंडी-उन्हासाठी सांगितलेली सहनशीलता या माणसाच्या वागण्यालाही लावायची, हे कुठल्या आधारावर?

आठव्या शतकातला बौद्ध आचार्य शांतिदेव या जागी फार जवळ येतो. 'बोधिचर्यावतारा'चा सहावा परिच्छेद सगळा क्षांतीवर, म्हणजे सहनशीलतेवर आहे. पित्त खवळलं तर आपण पित्तावर रागावत नाही. मग माणसावर का रागावतो, तोही कारणांच्या ओढीनेच वागतो ना, असं तो विचारतो. मला हे पटतं. नवऱ्याच्या दारूमागे, हात उगारण्यामागे कारणं असतात. उचल असते, कर्ज असतं, मुकादमाचा तगादा असतो. ते समजलं की द्वेष खरोखर कमी होतो. पण त्याच परिच्छेदात शांतिदेव असंही म्हणतो, की उपाय असेल तर खिन्न का व्हायचं, आणि नसेल तर खिन्न होऊन काय मिळायचं. यातला उत्तरार्ध सगळ्यांच्या लक्षात राहतो. पूर्वार्धाकडे कुणी बघत नाही. उपाय असेल तर तो करायचा, हे त्यात गृहीतच आहे. पित्तावर आपण रागावत नाही, पण औषध घेतोच.

माझ्या प्रश्नाला सगळ्यात थेट भिडणारी बाई मला महाभारतात भेटली. आमच्या घरी चातुर्मासात आजी 'पांडवप्रताप' वाचायची. त्या वाचनातली द्रौपदी माझ्या मनात राहिली ती कृष्णाचा धावा करणारी. वनपर्वातली द्रौपदी मी पुढे वकिली करताना वाचली. द्वैतवनात, संध्याकाळी, ती युधिष्ठिराशी वाद घालते. हस्तिदंती आसनावर बसणारा तू, आता गवताच्या आसनावर बसतोस. भीमाकडे बघ, अर्जुनाकडे बघ, माझ्याकडे बघ. तुला राग कसा येत नाही? मग ती प्रल्हाद आणि बळीची गोष्ट सांगते. बळी आजोबांना विचारतो, क्षमा श्रेष्ठ की तेज? प्रल्हाद म्हणतो, नेहमीच क्षमा बरी नाही आणि नेहमीच तेजही बरं नाही. जो सदा क्षमा करतो त्याला नोकरसुद्धा जुमानत नाहीत, त्याच्या वस्तू बळकावतात, पुढे त्याच्या बायकोवरही डोळा ठेवतात. जो सदा कठोर असतो त्याला लोक घरात शिरलेल्या सापासारखं भितात. प्रल्हाद क्षमेचे प्रसंगही वेगळे काढून देतो. ज्याने पूर्वी उपकार केले त्याला क्षमा करावी. ज्याच्याकडून अजाणता चूक झाली त्यालाही करावी. पहिला अपराध कुणाचाही असो, पोटात घालावा. दुसरा मात्र लहान असला तरी त्याला शिक्षा हवी. आणि जाणूनबुजून करून वर 'मला कळलं नाही' म्हणणाऱ्याला माफी नाही. हे वाचताना मला वाटलं, कुणा जाणत्या न्यायाधीशाने आयुष्यभराच्या निकालांतून काढलेलं टिपण आपल्या हाती आलं आहे.

युधिष्ठिराचं उत्तरही हलकं नाही. क्रोधाने माणूस कर्तव्य विसरतो. जो क्रोध आवरतो तोच बलवान. पृथ्वीवर क्षमाशील माणसं नसती तर माणसामाणसांत सलोखाच राहिला नसता, असं तो म्हणतो. सूड एकदा सुरू झाला की पिढ्या खातो, हे मी जमिनीच्या भांडणांत बघते, त्यामुळे त्याचं म्हणणं मला खोटं पाडता येत नाही. द्रौपदीही गप्प होत नाही. ती कर्माची बाजू मांडते आणि शेतकऱ्याचा दाखला देते. नांगराने भुई फोडून, बी पेरून तो स्वस्थ बसतो, कारण पुढचं काम पावसाचं आहे. पाऊस आला नाही तर दोष त्याचा नाही. आपलं काम त्याने केलेलं असतं. ही विद्या कुठून आली तेही ती सांगते: वडिलांच्या घरी राहिलेला एक ब्राह्मण तिच्या भावांना बृहस्पतीची नीती शिकवत असे, तेव्हा तीही वडिलांच्या मांडीवर बसून ऐकत असे. पेरणीनंतरचं बसणं हाच धीर, हे त्या मांडीवरच्या मुलीला कळलं होतं. पेरलंच नसेल तर बसून काय होणार?

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हे वनपर्व, म्हणजे आरण्यकपर्व, विष्णु सीताराम सुकथनकरांनी स्वतः संपादित केलं. ते १९४२ साली प्रसिद्ध झालं, १९४३च्या जानेवारीत सुकथनकर गेले आणि समग्र आवृत्ती पूर्ण झाली ती १९६६ साली. पोथ्यांतले पाठभेद अक्षराअक्षराने ताडून पाहणाऱ्या त्या मंडळींचा धीर पेरणी करून बसणाऱ्याचा होता.

आता 'कुठवर'कडे येते. महाभारताच्या कथेत वनवासाला मुदत आहे. बारा वर्षं वन आणि एक वर्ष अज्ञातवास, असा करार सभेत सगळ्यांसमक्ष झालेला आहे. म्हणूनच पांडवांच्या सोसण्याला मी धीर म्हणते. त्या मुदतीवर भर वनात वाद होतो. भीम म्हणतो, तेरा महिने झाले, तेच तेरा वर्षं समजू. सोम मिळत नाही तेव्हा पूतिका चालते, तसा वर्षाच्या जागी महिना चालेल. युधिष्ठिर मानत नाही. शब्द दिला तो दिला. शेवटी विराटनगरापाशी दुर्योधन तक्रार करतो, की तेरावं वर्ष भरायच्या आत अर्जुन ओळखला गेला. तेव्हा भीष्म हिशेब मांडतात: पाच वर्षांत दोन अधिक महिने येतात, तेरा वर्षांत पाच महिने आणि बारा रात्री जास्तीच्या होतात, मुदत भरली आहे. द्यूतसभेत द्रौपदीने कायद्याचा नेमका प्रश्न टाकला होता, की हरलेल्या युधिष्ठिराला मला पणाला लावायचा अधिकार उरला होता का? तेव्हा याच भीष्मांनी धर्म सूक्ष्म आहे म्हणून उत्तर टाळलं. ती टाळाटाळ मी त्यांना माफ करू शकत नाही. पण अधिक महिन्यांचा त्यांचा हा हिशेब मी मनात जपून ठेवला आहे. सोसणाऱ्याचे दिवस कुणीतरी नीट मोजावे लागतात.

आणि मुदत चालू आहे म्हणून तिच्या पोटात काहीही खपत नाही. कीचकाने विराटाच्या सभेत द्रौपदीला लाथ मारली तेव्हा कंकाच्या वेषातला युधिष्ठिर तिला म्हणाला, इथे थांबू नकोस, तुला वेळकाळ कळत नाही, खेळात व्यत्यय येतो आहे. भीमानेही आधी तिला थोडेच दिवस उरलेत, सोस, असंच सांगितलं. तिने ऐकलं नाही. कीचक उद्याचा सूर्य बघणार असेल तर मी विष घेईन, म्हणाली. नव्या घावाला जुन्या कराराची मुदत लागू होत नाही, हे तिने दोन्ही नवऱ्यांपेक्षा अचूक ओळखलं. खटला चालू असताना कुणी घरात शिरून मारून गेला, तर "निकालाची वाट बघ" असं मी कुठल्याही बाईला सांगत नाही.

आमच्या कायद्याने मुदती कशा वाटल्या आहेत ते बघा. २००१च्या दुरुस्तीने अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५मध्ये आलं. १ जुलै २०२४पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ने घेतली. हे ६० दिवस तिथेही आहेत आणि 'शक्यतो'ही आहे. मात्र ठरलेली पोटगी थकली, तर ती थकल्यापासून एक वर्षाच्या आत बाईने वसुलीचा अर्ज दिला नाही, तर त्या थकबाकीसाठी वॉरंट निघत नाही. तिथे 'शक्यतो' नाही. ज्या बाईला सगळे धीर धर म्हणतात, तिने फार धीर धरला तर हक्काचे पैसे बुडतात. पहिल्या भेटीतच हे मी तिला समजावून सांगते आणि तारीख लेकराच्या वहीवर लिहून देते.

मुदत संपते हे सांगण्याचं धाडस आपल्याच मातीत एकाने केलं. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पुढची २१ वर्षं अभ्यासात आणि तयारीत गेली. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दहा पारमितांचं पालन करण्याची प्रतिज्ञा आहे आणि त्या दहांत क्षांती आहे. दाराशी तिष्ठणं संपवलेल्या माणसांनीच तिथे क्षांतीची शपथ घेतली. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायांच्या घरात त्या प्रतिज्ञा भिंतीवर आहेत, म्हणून हे मला दूरचं वाटत नाही.

पुन्हा महाभारताकडे येते. उद्योगपर्वात तेरा वर्षं भरून झाल्यावर धृतराष्ट्र संजयाला पांडवांकडे पाठवतो. संजय शांतीची महती सांगतो. युद्ध करून राज्य मिळवण्यापेक्षा अंधक-वृष्णींच्या देशात भिक्षा मागून जगणं बरं, इथवर सांगतो. बोलणं गोड आहे, शहाणपणाचं आहे, पण देऊ केलेलं त्यात काहीच नाही. धृतराष्ट्राने एक गावही पुढे केलेलं नाही. व्हरांड्यात येणारे मध्यस्थ मला हुबेहूब असेच दिसतात: "वहिनी, घरातलं घरात मिटवू, जरा थांबा." किती द्याल, कोणत्या तारखेला द्याल, विचारलं की मान खाली जाते.

युधिष्ठिराने संजयावर आवाज चढवला नाही. क्षमेची थोरवी गाणाऱ्या त्या माणसाने पाच गावं मागितली. चार नावानिशी सांगितली, त्यांत वृकस्थल होतं, वारणावत होतं. पाचवं तुम्हाला वाटेल ते द्या, म्हणाला. बाईचा अर्ज लिहिताना मीही नावानिशी लिहिते: खोलीचं भाडं, धान्य, लेकराची शाळा, सासूने मागे ठेवून घेतलेली शिलाई मशीन. आणि खाली मागणीत घालते, की रक्कम अर्ज दाखल केल्या तारखेपासून मिळावी, कारण सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी तसंच ठरवलं आहे. तिने वाट बघितलेले दिवसही हिशेबात धरले जातात. ती अंगठा उठवते किंवा सही करते, मी वकीलपत्राला तिकीट लावते आणि आम्ही दोघी फायलिंगच्या खिडकीकडे जातो.