खारीचा वाटा



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १०:२६-३३) प्रभू येशू आपल्या शिष्यांना भिऊ नका असे सांगतो आणि त्यासाठी चिमण्यांचे उदाहरण देतो. बाजारात किरकोळ नाण्याला जोडीने विकली जाणारी ही चिमणी, पण ती जमिनीवर पडली तर तेही स्वर्गातल्या पित्याला ठाऊक असते. हा उतारा मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. यंदा मात्र तो वाचताना माझ्या डोळ्यांसमोर चिमणी आली नाही. खारीचे एक पिलू आले.

मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळा तोंडावर आला म्हणून, आवारातल्या झाडांची छाटणी करून घ्यायचे मी ठरवले. वादळात फांदी कोणाच्या डोक्यावर पडू नये हा हेतू. फांद्या पडल्या आणि त्यांच्याबरोबर काथ्या, कापूस, चिंध्या गोळा करून बांधलेले एक घरटेही पडले. घरट्यात दोन पिले होती. एक जागीच गेले. दुसरे धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलाने रुमालात गुंडाळून माझ्याकडे आणले. पाचवीतला मुलगा. पिलाच्या अंगावर नुकती लव आलेली, पाठीवर फिकट रेघा, डोळे अजून मिटलेले. मुलगा म्हणाला, "फादर, हे गार लागतंय."

त्यानंतर मी जे केले ते सगळे प्रेमाने केले आणि जवळजवळ सगळे चुकीचे केले. अशा वेळी पिलाला ऊब देऊन, टोपलीत घालून, त्याच झाडापाशी ठेवायचे आणि माणसांनी लांब व्हायचे असते. आई पुष्कळदा परत येते आणि पिलाला तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. हे मला ठाऊक नव्हते. संध्याकाळपर्यंत झाडाखाली करवतीचा आवाज आणि मुलांचा गलका चालू होता. दुसऱ्या दिवशी टोपली ठेवून पाहिली, पण आई आली नाही. दरम्यान मी स्वयंपाकघरातले गाईचे दूध कोमट करून ड्रॉपरने त्या गार पडलेल्या जिवाच्या तोंडात घातले होते. थोडे नाकातून बाहेर आले. मला वाटले, भूक भागली.

आपण परळच्या शेजारी राहतो हे आपले भाग्य. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली तिथेच सुरू झाले आणि मुक्या प्राण्यांसाठी बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे रुग्णालयही एकोणिसाव्या शतकापासून तिथेच आहे. त्यामुळे जाणत्या माणसापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. एका डॉक्टरांनी मला शांतपणे क्रम समजावून दिला. आधी ऊब, मग पाणी आणि क्षार, आणि सर्वांत शेवटी दूध. गार पडलेल्या पिलाचे पोट काम करत नाही. त्याला दूध पाजले तर ते पचत नाही, आतच राहते. गाईचे दूध नको, कुत्र्याच्या पिलांसाठी मिळते ती दुधाची पावडर द्या. सुई काढलेल्या लहान सिरिंजने, पिलाला उताणे न करता, थेंब थेंब. एका वेळी जेमतेम एक मिलिलिटर. नाकातून बुडबुडा आला की थांबा, नाहीतर दूध फुप्फुसात जाते. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने हलकेच पुसा, कारण एवढ्या लहान पिलाला लघवीसुद्धा आईने चाटल्याशिवाय होत नाही. आणि रोज सकाळी वजन करा.

वजन कशावर करणार? शेजारच्या सोनाराने आपला जुना काटा दिला. पहिल्या दिवशी बावीस ग्रॅम. तिसऱ्या दिवशी तेवीस. त्या दिवशी मी आणि त्या मुलाने सण साजरा केला असे म्हटले तरी चालेल. चौथ्या दिवशी पुन्हा बावीस. सहाव्या दिवशी एकवीस. पिलू दूध घेत होते, हाताची ऊब ओळखत होते, पण अंगाला काही लागत नव्हते. रात्री बारा, तीन आणि सहाचा गजर लावून मी उठत होतो. आवारात ही गोष्ट पसरली. काहींना कौतुक वाटले, काहींना गंमत.

त्याच आठवड्यात, संध्याकाळच्या मिस्सानंतर, आपल्या धर्मग्रामातल्या एक आजी दारात थांबल्या. (त्यांना विचारूनच मी हे लिहीत आहे.) त्या म्हणाल्या, "फादर, खारीच्या पिलाचं रोज वजन करता म्हणे."

मी हो म्हणालो.

"माझ्या सुनेचं बाळ सातव्या महिन्यात झालं. सोळा दिवस काचेत आहे. त्याचंही रोज वजन करतात. तुम्हाला कोणी सांगितलं नाही वाटतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर उत्तर देणे सोपे गेले असते. मला खरोखरच कोणी सांगितले नव्हते. पण मी तरी कुठे विचारले होते? त्यांची खोली चर्चपासून दहा मिनिटांवर आहे. दोन रविवार त्यांचा मुलगा आणि सून दिसली नव्हती आणि ते माझ्या ध्यानातही आले नव्हते.

१९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी दिलेल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत प्राण्यांविषयी काही परिच्छेद आहेत (२४१५ ते २४१८). प्राणी ही देवाची निर्मिती आहे, देव त्यांची काळजी वाहतो, म्हणून माणसानेही त्यांच्याशी दयेने वागावे, त्यांना उगाच दुःख देऊ नये, असे ख्रिस्तसभा तिथे शिकवते. पण तिथेच दुसरी बाजूही मांडली आहे. माणसांच्या हालअपेष्टा दूर करण्यासाठी आधी खर्च व्हायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळणे माणसाला शोभत नाही. त्या रात्री तीनच्या गजराला उठलो तेव्हा ही दुसरी बाजू माझ्यासमोर उभी होती. पैशाचा प्रश्न नव्हता. लक्ष कुठे होते हा प्रश्न होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार अभ्यासला होता. मुक्या प्राण्याचे दुःख पाहून ज्याचे मन हेलावते, त्याचे मन माणसाच्या दुःखाकडेही लवकर वळते. म्हणजे प्राण्यांवरची दया हा माणसांवरच्या दयेचा सराव आहे. परीक्षेत मी हे उत्तर नीट लिहिले होते. पण सराव म्हटला की सामना खेळायलाही हवा. मी सरावातच रमलो होतो. खारीचे पिलू काही मागत नाही, भांडत नाही, फादर तुम्ही आला नाहीत असे म्हणत नाही. त्याच्यावर प्रेम करणे सोपे असते. ते प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही. ते अर्धवट होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुग्णालयात गेलो. बाळाची आई खुर्चीत बसली होती आणि बाळ तिच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, उभे बांधलेले होते. वरून चादर. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोता शहरात एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी ती सुरू केली, कारण त्यांच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. गरजेपोटी निघालेला तो उपाय पुढे जगभर स्वीकारला गेला. परिचारिकेने मला पद्धत समजावून सांगितली. आधी ऊब. मग नळीने थेंब थेंब दूध. रोज सकाळी वजन. मी काही न बोलता ऐकत राहिलो. हा क्रम मला पाठ होता.

खाटेच्या कार्डावर आकडे होते. ११९०, ११८०, ११८०, ११९५. त्या आईने मला प्रार्थनेविषयी आधी विचारले नाही. ती म्हणाली, "फादर, काल पंधरा वाढलं." पंधरा ग्रॅम म्हणजे किती हे मला त्या क्षणी नीट कळले. पंधरवड्यापूर्वी कोणी मला हे सांगितले असते तर मी "छान, छान" म्हणून पुढचा प्रश्न विचारला असता. खारीच्या पिलाने मला तिची भाषा शिकवली होती. आईवडिलांच्या इच्छेने मी तिथेच बाळाला स्नानसंस्कार दिला. कापसाच्या बोळ्याने, पाण्याचे तीन थेंब.

पिलू नवव्या रात्री गेले. तीनच्या गजराला उठलो तेव्हा ते कापडात गरम पाण्याच्या बाटलीला चिकटून निपचित पडले होते. सकाळी त्या मुलाने आणि मी त्याला त्याच झाडाखाली पुरले. मुलाने विचारले, "फादर, मग आपण उगाचच केलं का सगळं?" आणि थोड्या वेळाने, "खारींना स्वर्ग असतो?"

दुसऱ्या प्रश्नावर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. अक्वायनस यांच्या मते प्राण्यांचा आत्मा शरीराबरोबर संपतो. पण रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात संत पौल म्हणतो की सबंध सृष्टी वेणा सोसत मुक्तीची वाट पाहत आहे. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात (परिच्छेद २४३) अशी आशा व्यक्त केली आहे की सार्वकालिक जीवनात प्रत्येक जीव तेजाने रूपांतरित होऊन आपली जागा घेईल. मी मुलाला एवढेच म्हणालो की देवाने जे निर्माण केले ते तो विसरत नाही. त्यापुढचे त्याच्या हाती सोपवू या.

पहिला प्रश्न अधिक कठीण होता आणि त्याचे उत्तर आजच्या शुभवर्तमानात आहे. नीट वाचा. चिमणी पडणारच नाही असे प्रभू म्हणत नाही. चिमणी पडते. पित्याला ते ठाऊक असते, त्याला वगळून ती पडत नाही. संत लूकच्या शुभवर्तमानात (१२:६) तर हिशेब आणखी बोलका आहे. तिथे दोन नाण्यांना पाच चिमण्या मिळतात. एका नाण्याला दोन, तर दोन नाण्यांना चार व्हायला हव्यात. पाचवी दुकानदाराने वर टाकलेली, फुकटची. तिचे मोल शून्य. आणि देव तिलाही विसरत नाही. मग प्रभू म्हणतो की तुम्ही तर चिमण्यांहून मोलाचे आहात. हा युक्तिवाद कशावर उभा आहे ते पाहा. देवाला चिमणीची पर्वा नसती, तर चिमणीहून मोलाचे असण्यात आपल्याला कसला धीर? आधी चिमणीची मोजदाद होते, मगच आपली. म्हणून जो म्हणतो की खारीकडे लक्ष दिले म्हणजे माणसाकडे दुर्लक्ष होते, त्याचे म्हणणे पूर्ण खरे नाही. आणि जो खारीपाशीच थांबतो, त्याने प्रभूचे वाक्य अर्धेच ऐकले.

तेव्हा त्या मुलाला मी सांगितले की नाही, उगाच नाही केले. नऊ दिवस ते पिलू गार पडले नाही. ज्याचे वजन वाढत नाही, त्याला ऊब द्यायची असते. वाढत नाही म्हणून जास्तच द्यायची असते.

आपल्या भाषेत 'खारीचा वाटा' म्हणतात. सेतू बांधताना अंगाला लागलेली वाळू नेऊन टाकणाऱ्या खारीची कथा आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडून आपण लहानपणापासून ऐकली आहे. लहानाने मोठ्या कामात दिलेली मदत असा त्याचा अर्थ. आज मी तो शब्द उलटा करून विचारतो. आपल्याकडून खारीच्या वाट्याला काय येते? जो काही परत देऊ शकत नाही, ज्याची प्रगती दाखवता येत नाही, त्याच्या वाट्याला? लोअर परळच्या या उंच इमारतींच्या सावलीत अशी माणसे पुष्कळ आहेत. गिरणी बंद झाल्यापासून खाटेवर बसून असलेले आजोबा, वर्गात मागे पडलेले मूल, उपचार चालू असूनही बरी न होणारी बहीण. त्यांना भेटायला गेलो की काही दिवसांनी आपणच कंटाळतो, कारण वजनाचा काटा हलत नाही.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक काम करावे अशी माझी विनंती आहे. आपल्या मजल्यावर किंवा चाळीत गेले दोन रविवार कोण दिसले नाही ते आठवा आणि दार वाजवा. तिथे पोहोचल्यावर माझ्यासारखे कोमट दूध घेऊन घाई करू नका. त्यांना काय हवे ते आधी विचारा. आणि कोणाची बातमी मला कळली नसेल तर सांगा. संकोच करू नका. मीही यापुढे विचारीन.

बाळ अजून रुग्णालयात आहे. काल वजन १३४० ग्रॅम होते. सोनाराचा काटा मी परत केला आहे.

हे प्रेमळ पित्या, पडणाऱ्या चिमणीला तू एकटी सोडत नाहीस. आमच्या नजरेतून सुटलेल्यांकडे आमची नजर वळव. आमच्या प्रेमाला समज दे आणि आमच्या हातांना ऊब दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू