पित्याचा सूर्य व आपला कंदील

(मत्तय ५ : १४-१६ व ४३-४८ ही वचने प्रथम वाचावी.)



डोंगरावरील प्रवचनात आपल्या प्रभूने दोन प्रकाशांचा उल्लेख केला आहे. शिष्यांनी कसे असावे हे सांगताना त्याने घरातील दिव्याकडे बोट दाखविले. परंतु स्वर्गीय पित्याची प्रीती कशी आहे हे सांगताना, जो सूर्य चांगल्यांवर व दुष्टांवर सारखाच उगवतो, त्याच्याकडे दाखविले. या दोहोंतील भेद काय, याचा आज आपण विचार करू.

तो भेद पाहण्यास मोठी विद्या नको. सकाळी हातभर उंचीच्या दोन काठ्या सपाट जमिनीत उभ्या रोवा. एक मंदिराच्या अंगणात व दुसरी गावाबाहेरच्या शेतात. एकाच वेळी दोन माणसांनी पाहिले, तर दोन्ही सावल्या सारख्याच लांबीच्या व एकाच दिशेस पडलेल्या आढळतील. रात्री त्याच काठ्या टांगलेल्या कंदिलाच्या आसपास उभ्या करा. आता सावल्या गाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चोहोकडे फाकतात, आणि अंतराप्रमाणे कोणाची आखूड तर कोणाची लांब होते.

याचे कारण असे की, सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा प्रकाश येथे पोहोचण्यास आठ मिनिटांहून थोडा अधिक काळ लागतो. इतक्या दुरून येणारे किरण एका गावापुरते पाहिले तर समांतरच असतात. कंदील मात्र हाताच्या अंतरावर असतो. त्यापासून एक हातावर पुस्तकावर जितका उजेड पडतो, त्याचा चौथा हिस्सा दोन हातांवर व नववा हिस्सा तीन हातांवर पडतो. कारण तोच प्रकाश चौपट, नऊपट जागेवर पसरतो. विजेच्या दिव्याचीही गोष्ट तीच. हा नियम सूर्यासही लागू आहे. परंतु १५ कोटी किलोमीटरांपुढे आपल्या चार कोसांची काय मातब्बरी! महाराष्ट्रात सर्वांत उंच असे कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. त्यावर चढून, मी सूर्याच्या जवळ आलो, असा कोणी गर्व करील तर लोक हसतील. वाड्यावर व वेशीबाहेरच्या झोपडीवर पडणारे ऊन एकच.

येथे कोणी असे समजू नये की पिता सूर्यासारखा दूर आहे. तो आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही, असे पौलाने अथेनैकरांस सांगितले. उपमेचा अर्थ इतकाच की, त्याच्या प्रीतीसमोर जवळचा व दूरचा असा भेद उरत नाही. मग मंडळीत, आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आणि तो कालचा, आम्ही या वाड्यातले आणि तो त्या वाड्यातला, ही भाषा कोठून येते? ती कंदिलाची भाषा आहे. आपल्या प्रीतीचा पूर्ण उजेड भाऊबंदांवर, चौथाई उजेड शेजारच्या आळीवर, आणि ज्याच्याशी बांधावरून तंटा झाला त्याच्या वाट्यास अंधार! जे आपल्यावर प्रीती करितात त्यांच्यावरच प्रीती करणे हे जकातदारांसही साधते, असे प्रभूने म्हटले आहे.

उपदेशक बंधूंनो, एक गोष्ट आपणासाठी विशेष आहे. कंदिलाच्या जितके जवळ उभे राहावे, तितकी आपली सावली भिंतीवर मोठी पडते. जो दिव्याला खेटून उभा राहतो, तो मागच्या सगळ्या लोकांस अंधारात ठेवू शकतो. पुस्तक, वेदी व मान ज्यांच्या हाती आहेत, त्यांनी मागे वळून आपली सावली कोणावर पडते हे पाहावे.

तर काय, कंदील टाकून द्यावा? नव्हे. रात्री त्यावाचून चालत नाही, आणि प्रभूनेच आपणांस दिवा म्हटले आहे. परंतु तो दिवठणीवर ठेवावा, असेही त्याने सांगितले. कंदील उंच टांगला म्हणजे अगदी खाली बसलेल्यांस उजेड थोडा कमी पडतो, पण कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीसही अक्षर दिसू लागते. सावल्याही आखूड होतात. जवळच्यांनी थोडे सोडावे तेव्हा दूरच्यांस मिळते. हे सोडणे जड आहे. परंतु पित्याची मुले म्हणविण्याचा मार्ग हाच आहे.

यास्तव येत्या प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने आपल्या मनातील सर्वांत दूरचे घर कोणते ते ओळखावे, व कंदील हाती घेऊन तेथवर चालत जावे. दिवा सूर्य होऊ शकत नाही; पण दिवा उचलून नेता येतो. उद्या सकाळी त्या घरावर व आपल्या घरावर एकच ऊन पडेल, तेव्हा ते पाहून आपणांस लाज न वाटता आनंद वाटो. आमेन.