मुकादम म्हणा की सरळ

'गँगमास्टर' हा इंग्रजी शब्द आज कानाला जुनाट लागतो. एकोणिसाव्या शतकात पूर्व इंग्लंडातल्या मोठ्या शेतांवर बायकापोरांची टोळी घेऊन जाणारा, खुरपणीची नि गोटे वेचण्याची कामे उक्ती घेणारा आणि मजुरीतून आपला वाटा आधी काढणारा तो गँगमास्टर. बीड जिल्ह्यात हे समजावून सांगावे लागणार नाही. ऐकणारा म्हणेल, मुकादम म्हणा की सरळ.

१८६७ साली ब्रिटिश पार्लमेंटने या टोळ्यांसाठी कायदा केला. गँगमास्टरला परवाना सक्तीचा झाला, आठ वर्षांखालच्या मुलांना टोळीत घ्यायला बंदी आली, बायकांच्या टोळीवर पुरुष असेल तर सोबत परवाना असलेली बाईही हवी असे ठरले. दारू विकणाऱ्याला हा परवाना मिळणार नव्हता. दिलेली मजुरी गुत्त्यात परत येते, हे त्यांनी ओळखले असावे. पुढे शब्द मागे पडला. फेब्रुवारी २००४ मध्ये इंग्लंडातल्या मोरकमच्या उपसागरात शिंपले वेचणारे वीसहून अधिक चिनी मजूर भरतीत बुडाले आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याच्या नावातच तो परत आला. त्या कायद्यातली खरी मेख अशी, की विनापरवाना गँगमास्टर तर गुन्हेगार आहेच, त्याच्याकडून मजूर घेणाराही गुन्हेगार ठरू शकतो.

मुकादम मूळचा अरबी. पुढे केलेला, अग्रभागी असलेला. दख्खनच्या जुन्या कागदांत मुकादम म्हणजे गावचा पाटील. शिवाजी महाराजांच्या अगदी सुरुवातीच्या पत्रांपैकी एकात रांझ्याच्या बाबाजी गुजराचा उल्लेख मुकादम असाच येतो. बदअंमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडले, पाटीलकी काढून घेतली. पद मोठे, तसा जाबही मोठा. इंग्रजांनीही हा शब्द आपलासा केला: १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन कोशात गावच्या मुख्यापासून मजुरांच्या टोळीच्या म्होरक्यापर्यंत त्याचे अर्थ आहेत. बीडमध्ये त्यातला शेवटचा उरला, आणि जाब गळून पडला.

दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला बालाघाटावरच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात, पण उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याआधीच वाटून झालेली असते. साखर कारखाना वाहतूक ठेकेदाराला पैसे देतो, ठेकेदार मुकादमाला, मुकादम कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा आला तर अर्धा कोयता. बाई आजारी पडून दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. हंगाम संपून पट्टा पडला तरी उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर, मुकादम तोच. त्याला नुसता खलनायक करून भागत नाही. कितीतरी मुकादमांनी आधी स्वतः ऊस तोडलेला असतो. टोळी पळाली की ठेकेदार त्याच्या दारात येऊन बसतो, आणि प्रसंगी जमीन विकून त्याला पैसे भरावे लागतात.

जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, मुकादमाचे कमिशनही वाढले. पैशाच्या हिशेबात तो आहे. मजूर कुणाचा, असे विचारले की मात्र कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे. आगाऊ रक्कम देऊन माणसाला कामाशी बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याला मान्य नाही. तो कायदा फडात उतरवायचा तर पहिला जाब कारखान्याला विचारावा, असे मला वाटते. उचलीचा पैसा तिथून सुटतो आणि ऊस तिथल्याच काट्यावर चढतो. मुकादमाची नोंदणी, परवाना, हे सगळे करावेच. पण मजूर घेणारा मोकळा राहिला तर परवाना ही मुकादमाच्या खिशातली आणखी एक पावती होईल. उचलीच्या कागदावर सही तर बहुधा नवऱ्याचीच घेतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईचे नाव त्या कागदावर नसते, मग तिची मजुरी तिच्या खात्यावर जमा करायची तरी कुणी?