राखणीला बसवलेले देव

परळच्या आमच्या इमारतीत जिन्याच्या वळणावर देवांच्या टाइल्स आहेत. गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का-मदिना, एका ओळीत. मुंबईत त्या कुठे नाहीत? कचेऱ्यांचे जिने, कुंपणभिंती, गल्लीबोळ, सगळीकडे. काळा घोड्याच्या कलामहोत्सवाचं वर्तमानपत्रांत कौतुक होतं. पण या शहरात सर्वांत जास्त लोकांच्या नजरेखालून जाणारी कला म्हणजे ही टाइल. तिचं काम एकच, कोणी थुंकू नये.

त्या बसवायच्या ठरल्या तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणता देव कुठे यावर बराच खल झाला. बुद्धाचंही नाव निघालं. तिसऱ्या मजल्यावरचे बौद्ध काका शांतपणे म्हणाले, "आमच्या बुद्धाला पिंक अडवायला बसवू नका. त्यापेक्षा जिन्यात दिवा लावा." लोक हसले, ठराव मंजूर झाला. मला मात्र त्या मीटिंगमध्ये धर्माचं बोलणारे ते एकटेच वाटले.

कारण मूर्तीत देव कधी असतो, याचा आपल्याकडे फार बारकाईने विचार झालेला आहे. गणपतीची मूर्ती कारखान्यात असते तेव्हा आपण तिच्या भावावरून घासाघीस करतो. घरी प्राणप्रतिष्ठा झाली की तिच्यासमोर आवाजही खाली येतो. उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या, मूर्ती जागची जरा हलवली, की देव निघाला. पाण्यात जाते ती माती. येणं ठरलेलं, जाणंही ठरलेलं. टाइलवरच्या गणपतीला ना आवाहन ना विसर्जन. म्हणून आमची एक टाइल तडकली तेव्हा ती कचऱ्यात टाकायला कोणाचा हात धजेना. शेवटी कोणीतरी गुपचूप पिंपळाखाली ठेवून आलं.

कोणी म्हणेल, देव चराचरात आहे, मग टाइलवर का नसावा? अहो, चराचरात असेल तर शेजारच्या कोऱ्या भिंतीतही आहे की! टाइल नेमकं उलट सांगते: देव एवढ्या सहा इंचांत, बाकी भिंत तुमची. मला यात नास्तिकाहून मोठा नकार दिसतो.

भीतीपोटी रस्त्यावर देव मांडणं मुंबईला नवं नाही. १८९६ साली शहरात प्लेग आला तेव्हा वांद्र्याच्या गल्ल्यांत लोकांनी क्रूस उभारले. त्यांतले काही अजून आहेत, त्यांना हार घातले जातात. पण ती माणसं स्वतःच्या जिवासाठी देवाच्या दारी गेली होती. आपण देवाचा धाक दुसऱ्याला दाखवतो, स्वतः त्या टाइलला हातही जोडत नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. झाडणं त्यांनी देवावर सोपवलं नाही.

आमचा जिना झाडणाऱ्या मावशींना मी विचारलं, टाइल्सनी फरक पडला का? त्यांनी टाइलच्या डावीकडे, हातभर अंतरावर बोट दाखवलं. तिथे पानाचे ओघळ थेट पायरीपर्यंत आले होते. "कोपरा सरकला, दुसरं काय! आधी एका जागी घासायचे, आता दोन ठिकाणी."

कमिटीने आता त्या उरलेल्या भिंतीसाठी टाइल्सचं कोटेशन मागवलंय. मी लेखी विरोध दिला आहे, आणि जिन्यासाठी मोठा दिवा मागितला आहे. अर्जावर दुसरी सही काकांची आहे.