एकशे अकरा मिनिटं

टीव्हीवरच्या तपासात कात्री गुन्हेगाराला सामील असते. काय दाखवायचं नाही, ते तीच ठरवते.

७ नोव्हेंबर २००४ ला ‘सीआयडी’ने ती कात्रीच बाजूला ठेवली. बी. पी. सिंग यांचा ‘द इनहेरिटन्स’ हा १११ मिनिटांचा भाग एकही कट न घेता चित्रित झाला. ‘रोप’ या चित्रपटाच्या वेळी, १९४८ मध्ये, हिचकॉकचं रीळ दहा मिनिटांत संपायचं, काही सांधे त्याने पात्रांच्या पाठीआड लपवले. आपल्याकडे हे धाडस एका साप्ताहिक मालिकेने केलं, याचा मला अभिमान आहे.

एरवी या मालिकेत एक धक्कादायक वाक्य पडलं, की तीन चेहऱ्यांवर तीन कट. अखंड चित्रणात कॅमेऱ्याला एकच चेहरा निवडावा लागतो. मग जो चौकटीबाहेर गेला, त्याचा संशय येऊ लागतो. न दिसणाऱ्या माणसाची भीती कटने कधीच निर्माण होत नाही.

विषय वारशाचा, तोही अचूक. वारस आपसूक एका छताखाली जमतात.

पण अशा भागात प्रेक्षक खुनी शोधायचं सोडून अडखळणारा नट शोधू लागतो. रहस्य मागे पडतं, कसरत पुढे येते. आणि ज्या गुन्ह्याचे धागे चार गावांत आणि दहा वर्षांत पसरलेत, त्याला असा भाग हातच लावू शकत नाही. घड्याळाशी प्रामाणिक राहिलं म्हणजे तपासाशी प्रामाणिक राहिलं, असं होत नाही.

हैदराबादेत राहून हे जास्त जाणवतं. इथल्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी भारतातल्या डीएनए तपासणीचा पाया घातला. १९९५ च्या दिल्लीतल्या तंदूर हत्याकांडात जळालेला देह कुणाचा, ते इथे ठरलं. आईवडिलांच्या रक्ताशी ताडून. तपास म्हणजे बहुतांशी वाट पाहणं. त्या आईवडिलांनी निकालाची वाट कशी पाहिली असेल, ते कुठलाही कॅमेरा दाखवत नाही. मालिकेत फॉरेन्सिक तज्ज्ञ डॉ. साळुंखेंचा रिपोर्ट मात्र पुढच्याच दृश्यात हजर.

२०१८ पर्यंत ‘सीआयडी’चे दीड हजारांवर भाग झाले. साळुंखेंनी ‘अजून निकाल आलेला नाही’ म्हणावं आणि शिवाजी साटमांच्या एसीपी प्रद्युम्नने अख्खा भाग त्या निकालाविना काढावा, असा एक भाग मला मनापासून हवा होता. साटमांनी तो नक्की पेलला असता.